फिशरच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले तरी दुखतंय: कळ किती मिनिटं टिकते ते मोजा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी थोडक्यात मांडते, म्हणजे याच त्रासातून जाणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय ३६, दिवसभर खुर्चीतलं काम. दीड वर्ष फिशरचा, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेल्या चिरेचा, त्रास. मलमं झाली, औषधं झाली, शेवटी सर्जननी गुदद्वाराचा आतला स्नायू थोडा कापला आणि चिरेच्या तोंडाशी बाहेर वाढलेला कातडीचा कोंबही काढला. आज पाच आठवडे झाले. संडास झाल्यावर अजून पाऊण तास ठणका लागतो. तिसऱ्या आठवड्यात दोनदा रक्त दिसलं. कपड्याला ओलसर डाग पडतो, खाज सुटते, गॅस अडवून धरता येत नाही. ज्या मित्राचं ‘हेच’ ऑपरेशन झालं, तो नवव्या दिवशी कामावर गेला. घरचे म्हणतात डॉक्टर बदल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ऑपरेशन फसलं का, पुन्हा करावं लागेल का?

मी सोलापुरात गेली बावीस वर्षं जनरल सर्जरी करते. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हा प्रश्न घेऊन येणारा माणूस मला जवळजवळ दर आठवड्याला भेटतो. तुमची खरी अडचण मला अशी दिसते, की आपण पुढे सरकतोय की जागच्या जागी आहोत हे ताडायला तुमच्याकडे मापच नाही. रोज सकाळी दुखलं की मागचे पाच आठवडे वाया गेल्यासारखे वाटतात. ते माप मी तुम्हाला देते. मात्र एक गोष्ट आधीच सांगते. मी तुमची जखम पाहिलेली नाही. कोंब केवढा होता, स्नायू किती कापला, शुगर आहे का, तंबाखू आहे का, संडास मऊ होते की खडा, या प्रत्येक गोष्टीनं आठवड्यांचा हिशेब बदलतो. तेव्हा मी सांगते ती समजूत तुमची आणि तपासणी तुमच्या सर्जनची, असं धरून वाचा.

मुळात हे ऑपरेशन कशावर केलेलं असतं, तिथून सुरुवात करू. गुदद्वाराला दोन स्नायूंची कडी असतात, एकात एक. बाहेरचं आपल्या ताब्यात असतं. आपण ठरवून आवळतो ते हेच. आतलं आपल्या ताब्यात नसतं, ते रात्रंदिवस आपलं आपण आवळलेलं राहतं. कडक संडासनं कातडीला चीर पडते. चीर दुखते, दुखलं की आतलं कडं आणखी आवळतं, आवळलं की त्या जागेचं रक्त आटतं, आणि रक्त नाही म्हणून चीर भरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच चीर परत उघडते. फिशर बहुतेक वेळा बरोबर मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेनंच का होतं याचंही उत्तर इथेच आहे. १९८९ मध्ये जर्मन संशोधकांनी मृतदेहांतल्या रक्तवाहिन्या तपासून दाखवलं, की बहुतेकांत या मागच्या रेषेला मुळातच रक्तपुरवठा कमी असतो. पुढे १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी जिवंत रुग्णांत मोजून पाहिलं, की आतला दाब जितका जास्त तितकं त्या कातडीतलं रक्त कमी. म्हणून सहा-आठ आठवड्यांपेक्षा जुनं फिशर हे नुसती जखम राहत नाही, ते आवळलेल्या स्नायूचं दुखणं होऊन बसतं.

ऑपरेशन त्या स्नायूवर असतं. जोहान्सबर्गचे सर्जन आयझेनहॅमर यांनी १९५१ मध्ये आतला स्नायू कापण्याची पद्धत मांडली. तेव्हा काप मागच्या बाजूला घेत. त्यानं चीर भरे, पण तिथे एक खोबण राही आणि त्यातून पाझर होई. म्हणून काप बाजूला सरकला, आणि १९६९ मध्ये नोटारस या सर्जननी तो कातडीखालून, अगदी लहानशा छिद्रातून घेण्याची रीत सांगितली. आज तुमच्या कागदावर ‘लॅटरल स्फिंक्टरोटॉमी’ लिहिलेलं असेल ते हेच. तो स्नायू थोडा सैल केला की रक्त येतं, आणि चीर मग शरीर स्वतः भरतं. बऱ्याच वेळा आम्ही चिरेला हातही लावत नाही.

इथून पुढचं नीट लक्षात घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. या ऑपरेशननंतर तुमच्या अंगात दोन वेगवेगळी कामं चाललेली असतात आणि दोघांचा वेग वेगळा असतो. पहिलं काम म्हणजे आवळण सुटणं. संडास झाल्यावर तीन-तीन तास आडवं पडायला लावणारी, आतून पिळवटल्यासारखी ती जुनी कळ पहिल्या काही दिवसांतच ओसरायला लागते. दुसरं काम म्हणजे कातडी भरून येणं. त्याला सहा ते आठ आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. ही जागा कायम ओलसर, रोज एकदा ताणली जाणारी आणि संवेदनेच्या नसांनी गच्च भरलेली. हाताला कापलं तर आपण पट्टी बांधून चार दिवस बोट हलवत नाही. इथे ती सोय नाही.

आता तुमच्या मित्राकडे बघू. त्याचा बहुधा फक्त स्नायू कापला असेल, एका छोट्या छिद्रातून. तुमचा कोंबही काढलाय. कोंब काढल्यावर उरलेली जखम आम्ही बहुधा टाके न घालता उघडीच ठेवतो, कारण तिथे टाक्याखाली घाण साठली तर गळू होतं. म्हणजे मित्राच्या अंगावर जुनी चीर आणि एक छिद्र होतं. तुमच्या अंगावर जुनी चीर, स्नायूचा काप आणि कोंब काढल्याची उघडी जखम, अशा तीन जागा आहेत. दोघांच्या डिस्चार्ज कार्डावर शब्द एकच असेल, पण दुखणं एक नाही. लेझरनं केलं असेल तरी हाच हिशेब. लेझरची जखम हीसुद्धा जखमच असते आणि कातडी भरायला तिलाही आठवडेच लागतात. ‘सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी’ ही जाहिरात खरी असते, पण ती दवाखान्यातून घरी जाण्याबद्दल असते.

मग माप कोणतं? संडास करताना किती दुखलं हे नव्हे. ते सगळ्यात शेवटी जातं आणि रोज बदलतं. झाल्यानंतर कळ किती मिनिटं टिकली, ते मोजा.

हे मला एका यंत्रमाग कामगारानं शिकवलं. टॉवेलच्या कारखान्यात दोन माग सांभाळायचा, दिवसभर उभा. पाचव्या आठवड्यात तो आला तो खुर्चीवर बसेचना, टेबलाच्या कडेला हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, काल परत सत्तर मिनिटं. काही फरक नाही बघा.” खिशातून त्यानं कॅलेंडरची दोन पानं काढली, घडी घालून घालून मऊ झालेली. प्रत्येक तारखेच्या चौकटीत, तिथीच्या खाली, पेन्सिलीनं आकडा लिहिलेला. घड्याळ बघून मिनिटं लिहायची, एवढंच त्यानं स्वतःच्या मनानं केलं होतं. दुसऱ्या आठवड्याची ओळ १५०, १२०, १८०, १४० अशी होती. तिसऱ्यात ११०, ९०, १६०, ८०. पाचव्यात ५०, ४०, ३५, ७०. ते सत्तर त्याच्या डोळ्यांत भरलं होतं, कारण ते कालचं होतं. मी लाल पेननं प्रत्येक आठवड्याला गोल केला आणि पान त्याच्यापुढे सरकवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग खुर्ची ओढून हळूच बसला. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला हे लिहायला सांगते.

तुमची ‘पाऊण तास’ ही आजची ओळ आहे. मागच्या ओळी आठवून लिहा. ऑपरेशनच्या आधी किती वेळ? दुसऱ्या आठवड्यात किती? जर तीन तासांवरून पाऊण तासावर आला असाल, तर तुम्ही बरे होताय, आज सकाळी कितीही दुखलं असलं तरी. मधले वाईट दिवस येणारच. आदल्या दिवशी लग्नात जेवलात, पाणी कमी पडलं, चार तास गाडीत बसलात, की दुसऱ्या दिवशी आकडा चढतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. आकडा दोन-तीन आठवडे एकाच जागी अडकला, तर मात्र दाखवून घ्यायला हवं. आणि दुखण्याची जातच बदलली, म्हणजे संडासशी संबंध नसताना रात्रंदिवस ठसठसायला लागलं, रोज वाढायला लागलं, तर थांबायचंच नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

तुमच्या बाकीच्या तक्रारींकडे येते. तिसऱ्या आठवड्यातलं रक्त, ते थेंबभर किंवा पाण्यात लालसर असेल, तर त्यानं घाबरू नका. भरत आलेल्या जखमेवर लालभडक, दाणेदार मांस येतं. ते नवीन रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं आणि जरा घासलं तरी ओलावतं. ओलसर डागही त्या उघड्या जखमेचाच; कातडी मिटली की थांबतो. पिवळा घट्ट पू आणि दुर्गंधी, हे वेगळं.

खाजेचं कारण निम्म्या वेळा आपणच असतो. माणूस घाबरून दिवसातून सहा वेळा साबणानं धुतो, वर डेटॉल टाकतो, वर ओले टिश्यू वापरतो, वर तीन प्रकारची मलमं लावतो. तिथली कातडी सोलवटते आणि खाजते. साबण बंद करा. साधं पाणी, मग जुन्या मऊ सुती कापडानं टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. रात्री सुती कापडाची लहानशी घडी तिथे ठेवली की ओल शोषली जाते. संडासातल्या जेटचा जोर कमी ठेवा, सरळ जखमेवर मारू नका. आणि भूल देणारं किंवा स्टिरॉइडचं मलम किती दिवस लावायचं ते विचारून घ्या. अशी मलमं महिनोन्‌महिने लावल्यानं कातडी पातळ झालेले रुग्ण मी पाहते.

गॅसचा प्रश्न तुम्ही अगदी शेवटी, संकोचत लिहिलाय, पण तो महत्त्वाचा आहे. आतलं कडं सैल केलं की गॅस अडवण्याची ताकद काही काळ कमी होते. बहुतेकांची काही आठवड्यांत, काहींची काही महिन्यांत परत येते. थोड्या लोकांत थोडीशी उणीव कायम राहते, आणि ही शक्यता ऑपरेशनच्या आधीच समजावून सांगायला हवी. बाळंतपणात खालचे स्नायू ताणले गेलेल्या बायकांत हा धोका जास्त, म्हणून त्यांच्यात हे ऑपरेशन आम्ही फार विचार करून करतो. पाच आठवड्यांना नुसता गॅसचा त्रास असेल तर मी वाट बघते. नकळत संडास कपड्याला लागत असेल तर वाट न बघता सर्जनना सांगायचं. आणि इंटरनेटवर पाहून आत्ताच आवळण्याचे व्यायाम सुरू करू नका. दुखतंय तोवर तिथले स्नायू आधीच आवळलेले असतात, त्यांना आत्ता सैल होणं शिकवायचंय. ताकदीचे व्यायाम दुखणं गेल्यावर, फिजिओथेरपिस्टकडून शिकून करा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, कळेची मिनिटं आठवड्याच्या हिशेबानं उतरत असतील, रक्त थेंबभर असेल, डाग पाण्यासारखा असेल, तर पाच आठवड्यांना हे ऑपरेशन फसलेलं नाही. ते अर्ध्याहून पुढे आलंय.

आता तुमच्या हातात काय आहे ते. पहिलं आणि सगळ्यात मोठं, संडास मऊ हवी. पिकल्या केळ्यासारखी, आकार असलेली. खडा झाली तर चीर उकलते. पाण्यासारखी झाली तर जळजळ होते, दिवसातून पाच वेळा जावं लागतं आणि जखमेला उसंत मिळत नाही. म्हणून एरंडेल किंवा जुलाबाची चूर्णं घेऊन पोट ‘साफ’ करायच्या मागे लागू नका.

इसबगोल तुम्ही घेताय, पण ‘गुण नाही’ असं लिहिलंय. माझ्या ओपीडीत सिस्टर दोन ग्लास घेऊन रुग्णाला एक गोष्ट दाखवतात. एकात दोन चमचे इसबगोल आणि अर्धा कप पाणी, दुसऱ्यात तेवढंच इसबगोल आणि ग्लासभर पाणी. दहा मिनिटांनी पहिल्या ग्लासात चमचा उभा राहतो, गिलाव्यासारखा घट्ट गोळा झालेला असतो. दुसऱ्यात साबुदाण्याच्या पेजेसारखं सरसरीत असतं. तुमच्या आतड्यातही हेच होतं. त्यामुळे ग्लासभर पाण्यात लगेच प्यायचं आणि वर आणखी एक ग्लास पाणी. परिणाम दुसऱ्या दिवशी नाही, तीन-चार दिवसांनी दिसतो, त्यामुळे एक दिवस आड घेऊन उपयोग नाही. निदान तीन महिने रोज. एवढ्यानं भागलं नाही तर सर्जन लॅक्ट्युलोजसारखं पातळ औषध जोडतात. त्याची सवय लागेल ही भीती धरू नका.

तुम्ही लिहिलंय की दुखेल म्हणून फक्त दहीभात आणि पेज खाताय. मला याचं फार वाईट वाटलं, कारण हे बहुतेक जण करतात आणि यानंच दुखणं लांबतं. कमी खाल्लं की संडास कमी होते, आत जास्त वेळ राहते आणि सुकते. पोटभर जेवा. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, दोडका, दुधी भोपळा, पालेभाजी, सालीची मूग-मटकी, पपई, पेरू. भातावर तूप घ्या. खारी, बिस्किटं, पाव, मैद्याचं काहीही सध्या लांब ठेवा. तिखट मात्र खरोखर तोडा. मिरचीतलं तिखट पूर्ण पचत नाही. जिभेला झोंबतं तसंच बाहेर पडताना जखमेला झोंबतं. आमच्याकडे शेंगाचटणीशिवाय भाकरी उतरत नाही, तरी मी माझ्या माणसांना दोन महिने ती बिनमिरचीची, नुसती लसूण-मीठ घालून कुटायला सांगते. पाणी इतकं प्या की लघवी फिकट राहील. पाच-पाच लिटरची गरज नाही.

गोळ्यांकडेही नजर टाका. ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी बऱ्याचदा बद्धकोष्ठ होतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी, खोकल्याच्या कोडीन असलेल्या औषधानंही होतं. सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत त्याची चिठ्ठी सर्जनना दाखवा आणि काय थांबवता येईल ते विचारा. पॅरासिटॅमॉल चालत असेल, तर दुखून झाल्यावर घेण्यापेक्षा संडासच्या नेहमीच्या वेळेआधी अर्धा तास घेतलेली बरी. मात्रा त्यांनी लिहून दिली असेल तीच.

सकाळी चहा किंवा कोमट पाणी पोटात गेल्यावर आतडं आपोआप हलतं. ती हाक आली की लगेच जा. भीतीनं टाळलीत की तीच संडास दुपारी दगड होऊन येते. मोबाइल बाहेर ठेवून जा. पाच मिनिटांत झालं तर झालं, नाहीतर उठा; कुंथू नका. कमोड असेल तर पायांखाली पाट किंवा बुटकं स्टूल घ्या, गुडघे वर येऊ द्या. बसल्यावर पोट फुगवून सावकाश श्वास घ्या आणि तोंडानं सोडा. श्वास असा सावकाश चालला की खालचं कडंही सैल होतं. बरेच रुग्ण भीतीनं दात-ओठ आवळून बसतात, आणि वर आवळलं की खालीही आवळतं.

कोमट पाण्याच्या टबबद्दल. दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः संडास झाल्यावर, दहा-पंधरा मिनिटं बसा. कमोडवर बसणारा प्लॅस्टिकचा टब औषधाच्या दुकानात मिळतो, रुंद घमेलंही चालतं. जखम यानं लवकर भरते असं मी म्हणणार नाही. आवळलेला स्नायू ढिला पडतो आणि कळ लवकर निवते, त्याचं काम एवढंच. म्हणूनच त्यात डेटॉल, जांभळं औषध, तुरटी, हळद काहीही घालायची गरज नसते. पाणी कोपराला कोमट लागेल इतपतच. ‘जितकं गरम तितका शेक चांगला’ म्हणून एका आजोबांनी बसायची सगळी जागा भाजून घेतली होती. मधुमेहामुळे त्यांना चटका कळलाच नव्हता.

ऑफिसात मधे भोक असलेली रिंग वापरत असाल तर ती काढा. तिच्यावर बसलं की मधली जागा ताणली जाते. साधी मऊ चौकोनी उशी घ्या आणि दर पाऊण तासाला उठून चार पावलं टाका. चालणं चांगलं. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी आणि जिममधलं वजन आणखी काही आठवडे नको. तंबाखू, सिगारेट, मिसरी, यांतलं काही असेल तर आज सोडा. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि या सगळ्या ऑपरेशनचा हेतूच तिथे रक्त आणण्याचा होता. शुगर गेल्या तीन महिन्यांत तपासली नसेल तर तपासा.

आता ज्या गोष्टींसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा त्या. थंडी वाजून ताप. वाढत जाणारा ठणका, बाजूला गरम, टणक सूज, पू. याचा अर्थ बहुधा गळू, आणि ते लवकर मोकळं केलं नाही तर पुढे भगंदर, म्हणजे गुदद्वाराशेजारी वाहत राहणारी नळी, होऊ शकतं. भांडं लाल होईल इतकं रक्त, गुठळ्या, चक्कर. लघवी न होणं. यांपैकी काहीही असेल तर माझं किंवा कुणाचंही लिहिलेलं उत्तर वाचत बसू नका.

पुन्हा ऑपरेशन? पाच आठवड्यांना या प्रश्नाचा विचारही मी करणार नाही. आठ आठवड्यांनंतरही आकडा अडकलेला असेल तर आधी मलम, म्हणजे २ टक्के डिल्टियाझेम, किंवा नायट्रोग्लिसरीन, ज्यानं काहींचं डोकं दुखतं. दोन्ही तो स्नायू औषधानं सैल करतात. काही ठिकाणी त्याच कामासाठी बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात. बारा आठवड्यांनंतरही जखम कच्चीच असेल, किंवा चीर मधल्या रेषेत नसून बाजूला असेल, तर भूल देऊन नीट तपासणी आणि तुकडा तपासायला पाठवणं. आपल्याकडे क्षयरोगाची जखम अशीच न भरणारी असते, क्रोन्स नावाचा आतड्याचा विकारही असाच वागतो. आणि स्नायू आणखी कापायचाच झाला, तर आतून सोनोग्राफी करून आधी किती कापला गेलाय आणि किती शिल्लक आहे ते पाहिल्याशिवाय हात लावू नये. कापलेला स्नायू परत जोडून पहिल्यासारखा होत नाही.

डॉक्टर बदलण्याबद्दल माझं स्पष्ट मत असं, की पहिल्यांदा त्याच सर्जनकडे जा. आत काय दिसलं आणि किती कापलं हे फक्त त्यांनाच माहीत आहे. तीन गोष्टी विचारा. स्नायू किती कापला? कोंबाची जखम उघडी ठेवली होती का? काढलेला तुकडा तपासणीला पाठवला होता का? ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्या. एवढं झाल्यावर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला काहीच हरकत नाही, आणि त्यात पहिल्यांचा अपमानही नाही. पण ‘मूळव्याध-भगंदर, खात्रीशीर इलाज’ अशा पाटीखाली जाऊन या ताज्या जखमेवर इंजेक्शन किंवा जळजळीत काही लावून घेऊ नका. क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेला आयुर्वेदिक दोरा, हा भगंदरावरचा उपचार आहे, तुमच्या या जखमेवरचा नाही.

एक शेवटची गोष्ट तुमच्या पत्राच्या मधल्या ओळीबद्दल. ऑफिसात तुम्ही ‘पाठ धरलीय’ असं सांगितलंय आणि रात्री बाथरूममध्ये रडलात असंही लिहिलंय. सुरुवातीच्या वर्षांत मी सगळ्यांना “आठ दिवसांत कामाला लागाल” असं सांगायचे. एक शाळेतल्या बाई नवव्या दिवशी फळ्यापुढे उभ्या राहिल्या, पाच तास. तिसऱ्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की हा कॅन्सर आहे आणि डॉक्टर लपवतायत. घरात कुणाला काही बोलल्या नव्हत्या. जखम उत्तम भरत होती. चुकीचं होतं ते माझं वाक्य. आता मी ऑपरेशनच्या आधीच, सोबत आलेल्या माणसाला समोर बसवून सांगते, की दोन आठवडे कठीण, सहा ते आठ आठवडे जखम, आणि तीन महिने जपणं. तुमच्या पत्नीला हे उत्तर वाचायला द्या. त्यांना ‘अजून कसं दुखतंय’ हा प्रश्न पडतोय तो काळजीपोटीच, आणि आकडे दिसले की त्यांनाही धीर येईल.

उद्या सकाळपासून कॅलेंडरवर मिनिटं लिहायला लागा. मागच्या पाच आठवड्यांचे आठवतील तसे अंदाजे भरा. आठवा आठवडा संपेल तेव्हा ते पान आणि ते तीन प्रश्न घेऊन तुमच्या सर्जनकडे जा. त्याआधी आकडा वर चढताना दिसला तर त्याच आठवड्यात जा.